पोटात ओझं, पाठीवर इंजिन : पॅकेट विमानास अनावृत पत्र

प्रिय पॅकेट,

आपल्याकडे हवाई दलाच्या इतिहासाचा विषय निघाला की लढाऊ विमानांची नावं धडाधड पुढे येतात. नॅट, हंटर, मिग-२१. प्रजासत्ताक दिनाच्या पुरवण्यांत तीच, शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यांत तीच. त्यांचा मान त्यांना मिळायलाच हवा. पण लडाखमधल्या एखाद्या चौकीतला आटा आणि रॉकेल संपत आलं की तिथल्या जवानांचे कान ज्या घरघरीकडे लागायचे ती लढाऊ विमानाची नसायची. ती तुझ्या दोन अवाढव्य पिस्टन इंजिनांची असायची. तू सेवेतून गेल्याला चाळीस वर्षं होत आली, आणि तरीही तुझी कहाणी मराठीत सलग कुठे वाचायला मिळत नाही याची मला फार दिवसांपासून टोचणी आहे. म्हणून हे पत्र.

दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयाच्या आवारात तू उघड्यावर उभं आहेस. पहिल्यांदा पाहणारा तुझ्यापुढे बुचकळ्यात पडतो. मधे चौकोनी, फुगीर धड आणि त्या धडाला शेपूटच नाही; दोन्ही पंखांवरच्या इंजिनांमागून दोन लांब बूम निघतात आणि पार मागे एका आडव्या पंखाने जोडले जातात. देखणं तू कधीच नव्हतंस. पण त्या शरीरामागचा विचार मला फार आवडतो. माल कसा चढेल आणि कसा उतरेल हे आधी ठरवायचं, मग त्याभोवती विमान बांधायचं. तुझ्याआधीचं डाकोटा मुळात प्रवासी विमान. ते शेपूट टेकून उभं राहायचं, त्यामुळे आतली जमीन उतरती आणि दार बाजूला, तेही बेताचं. जीप चढवायची तर चढावर ढकलून आत गेल्यावर पुन्हा वळवायची. तुला नाकाखाली चाक मिळालं. तू सपाट उभं राहायचंस आणि तुझी जमीन बरोबर ट्रकच्या हौद्याच्या उंचीला यायची. मागचं सगळं तोंड दोन मोठ्या दारांनी उघडायचं. शेपूट आड येऊ नये म्हणूनच तर ते दोन बूम. ट्रक उलटा लावला की माल सरळ आत.

ती दारं हवेत मात्र उघडता येत नसत. जड माल पॅराशूटने टाकायचा असेल, तर दारं जमिनीवरच उतरवून ठेवायची आणि तसंच उडायचं. आत हवेचा दाब राखायची सोय नाही. म्हणजे बर्फाच्या डोंगरांवरून जाताना आत ऑक्सिजनचे मुखवटे लावलेली माणसं, त्यांच्या पायाशी पोती आणि पॅराशूट बांधलेले खोके, आणि मागच्या बाजूला भिंतच नाही, थेट आकाश. इजेक्शन टीमचे जवान स्वतःला पट्ट्यांनी बांधून घेऊन त्या कडेला उभे राहायचे. खाली डीझेड, म्हणजे माल टाकायची जागा, काही सेकंदच दिसायची. हिरवा दिवा लागला की जोर लावून ढकलायचं. राहिलं तर विमान दरीतून वळसा घालून पुन्हा आणायचं, पुन्हा दिवा, पुन्हा जोर. आटा-तांदळासारखं धान्य पुष्कळदा पॅराशूटशिवायच, एकात एक घातलेल्या गोणपाटांतून टाकलं जाई. बाहेरचं पोतं फाटलं तरी आतलं टिकावं म्हणून. अहवालात यातलं काही येत नाही. तिथे फक्त टनांचा हिशोब असतो.

तुझं माहेर अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातलं हेगर्सटाउन, फेअरचाइल्ड कंपनीचा कारखाना. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आलेलं सी-८२ पॅकेट हे तुझं थोरलं भावंड. ते ताकदीला कमी पडलं. मग कंपनीने वैमानिकांची केबिन मालाच्या डोक्यावरून काढून पुढे नाकात आणली, धड रुंद केलं, दमदार इंजिनं बसवली, आणि नोव्हेंबर १९४७ मध्ये सी-११९ म्हणून तू पहिल्यांदा उडालंस. अमेरिकेत तुला उडती मालवाघीण म्हणू लागले. १९५५ पर्यंत तुझ्या अकराशेहून अधिक प्रती तयार झाल्या. भारताकडे आलेल्या 'जी' प्रकाराला राइट कंपनीची आर-३३५० इंजिनं होती, अठरा सिलिंडरची, प्रत्येकी ३,५०० अश्वशक्तीची. याच घराण्यातली इंजिनं बी-२९ बॉम्बरला होती आणि तिथेही ती तापट म्हणून बदनाम होती. भरल्या पोटी एक इंजिन बंद पडलं, तर उरलेल्या एकट्याच्या जिवावर उंची टिकवणं तुला जड जायचं. हा तुझा खरा दोष. तो झाकून तुझं कौतुक करण्यात अर्थ नाही, कारण तुझ्या वैमानिकांचं सगळं कसब या दोषाला सांभाळून घेण्यातच होतं.

भारतात येण्याआधीच तू बरंच जग पाहिलं होतंस. डिसेंबर १९५० मध्ये कोरियातल्या चोसिन जलाशयापाशी चिनी सैन्याच्या वेढ्यातून अमेरिकन मरीन आणि त्यांचे साथी समुद्राकडे माघार घेत होते. उणे तीस अंशांच्या आसपास थंडी. फुंचिलिन खिंडीत एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी आणि मधला पूल चिन्यांनी उडवलेला. गाड्या अडल्या, गाड्यांतले जखमी अडले. लेफ्टनंट कर्नल जॉन पार्ट्रिज या अभियंता अधिकाऱ्याने मागणी केली की पूलच आकाशातून टाका. ७ डिसेंबरला तुझ्या जातीची आठ विमानं आली. प्रत्येकाच्या पोटात टनाहून जड असा पोलादी पुलाचा एकेक तुकडा, प्रत्येक तुकड्याला दोन मोठी पॅराशूटं. गरज चार तुकड्यांची होती, पण काही वाया जाणार हे धरूनच आठ टाकले. एक चिन्यांच्या हाती गेला, एक मोडला. उरलेल्यांतून दोन दिवसांत पूल उभा राहिला आणि हजारो सैनिक त्यावरून पार झाले. पोट मागून पूर्ण उघडं ठेवता येत नसतं, तर हे झालंच नसतं.

चार वर्षांनी व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फू इथे वेढलेल्या फ्रेंच फौजेला रसद टाकायला तुला नेलं. तुझ्यावर फ्रेंच खुणा रंगवल्या, आत बसलेले वैमानिक मात्र अमेरिकन, सीआयएच्या हवाई कंपनीचे. तिथे तुझ्यातून नापामही टाकला गेला. एका वसाहतवादी सत्तेची शेवटची हाव पुरवण्यासाठी तू राबवलं गेलंस, हे मी तुझ्या चाहत्यांसमोरही म्हणेन. पण ६ मे १९५४ रोजी तोफेच्या माऱ्यात सापडलेलं विमान कसंबसं लाओसच्या हद्दीपर्यंत रेटणारा जेम्स मॅकगव्हर्न आणि त्याचा जोडीदार वॉलेस बुफोर्ड, हे तिथेच कोसळून मेले. दुसऱ्याच दिवशी दिएन बिएन फू पडलं. मॅकगव्हर्नची हाडं २००२ मध्ये सापडली आणि ती त्याचीच, हे ठरायला २००६ साल उजाडलं. मालवाहू विमानांवरच्या माणसांची नावं अशी उशिरा कळतात.

तुझा सगळा जन्म खाली टाकण्यात गेला, पण एकदा तू झेलणंही करून दाखवलंस. १ मे १९६० रोजी सोव्हिएत संघाने अमेरिकेचं यू-२ हेर विमान पाडलं आणि वरून टेहळणी करण्याचा मार्ग एकाएकी बंद झाला. त्याच ऑगस्टमध्ये डिस्कव्हरर-१४ या उपग्रहाने पृथ्वीभोवती फिरत छायाचित्रं घेतली आणि फिल्मची कुपी पॅराशूटला लटकवून प्रशांत महासागरावर सोडली. १९ ऑगस्ट १९६०. हवाईजवळ कॅप्टन हॅरल्ड मिचेल 'पेलिकन ९' नावाचं सी-११९ घेऊन घिरट्या घालत होता. शेपटीमागे दोर आणि आकडे लोंबत होते. पहिल्या फेरीत पॅराशूट हुकलं. दुसऱ्या फेरीतही हुकलं. तिसऱ्या फेरीत, साधारण साडेआठ हजार फुटांवर, आकड्यात अडकलं आणि आतल्या माणसांनी यारीने ते ओढून घेतलं. अंतराळातून परतलेली वस्तू हवेतल्या हवेत पकडण्याची ती पहिलीच वेळ. कुपीत सुमारे नऊ किलो फिल्म होती आणि तिच्यात तोवरच्या सगळ्या यू-२ उड्डाणांनी मिळून टिपला होता त्याहून जास्त सोव्हिएत प्रदेश होता. जगाला विज्ञानाचा प्रयोग म्हणून सांगितलेली ही कोरोना हेरगिरी योजना १९९५ मध्ये खुली झाली. ते विमान आज ओहायोतल्या डेटन इथे, अमेरिकन हवाई दलाच्या संग्रहालयात जपून ठेवलं आहे.

आता आपल्या घरची गोष्ट. दिएन बिएन फू पडलं त्याच १९५४ मध्ये तू आग्र्याला आलंस. पहिल्या खेपेला २६ विमानं, बारा क्रमांकाच्या स्क्वॉड्रनकडे. अमेरिकेने सी-११९ म्हणावं, आपल्या हवाई दलात तू पॅकेटच राहिलंस. आग्रा म्हणजे छत्रीधारी सैनिकांची शाळा, त्यामुळे त्यांच्या किती तुकड्यांनी तुझ्या दारात उभं राहून पहिल्यांदा खाली पाहिलं असेल! पण तुझी खरी परीक्षा उत्तरेला वाट पाहत होती. लेहला पहिलं विमान उतरवलं होतं एअर कमोडोर मेहर सिंग यांनी, २४ मे १९४८ रोजी, डाकोटातून. त्यानंतर दहा-बारा वर्षांत सीमेवर चीनशी तणाव वाढला, अक्साई चीनच्या कडेने आपल्या चौक्या बसू लागल्या आणि त्यांच्यापर्यंत धड रस्ता नव्हता. जे काही जायचं ते तुझ्या आणि डाकोटाच्या पोटातून. वारे आणि ढग दुपारी उठतात म्हणून पहाटेच निघायचं, दोन डोंगरांच्या मधून दरीदरीने जायचं आणि वळायला जागा उरेल एवढं भान ठेवत माल टाकायचा.

जुलै १९६२ मध्ये स्क्वॉड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी तुला दौलत बेग ओल्डीला उतरवलं. काराकोरम खिंडीच्या जवळ, १६,६१४ फुटांवर, कच्च्या जमिनीवर. हे प्रकरण नेमकं काय होतं ते सांगितलंच पाहिजे, कारण 'जगातली सर्वांत उंच धावपट्टी' एवढं म्हणून आपण मोकळे होतो. त्या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के दाट. विमान तोलून धरायचं तर विरळ हवेत जास्त वेगाने जावं लागतं. वेगदर्शकाचा काटा नेहमीच्याच आकड्यावर असला तरी प्रत्यक्षात चाकं जमिनीला टेकतात ती मैदानी प्रदेशापेक्षा जवळजवळ तीस टक्के जास्त वेगाने. प्रोपेलरला चावायला हवा कमी, इंजिनाला प्यायला हवा कमी. आणि एवढं करून उतरल्यावर पुन्हा तिथून उठायचं. आजूबाजूला मदतीला कुणी नाही, इंजिन बिघडलं तर दुसरं आणणार कशातून? १९६२ ते १९६५ अशी तीन वर्षं तू तिथे येत-जात राहिलंस. त्यानंतर ती पट्टी ४३ वर्षं स्थिर पंखांच्या विमानांना बंद होती. ३१ मे २००८ रोजी एएन-३२ तिथे उतरलं. २०१३ मध्ये सी-१३०जे हर्क्युलिस उतरलं तेव्हा दूरचित्रवाणीवर मोठा गाजावाजा झाला. तुझं नाव त्या बातम्यांत क्वचितच ऐकू आलं, आणि मला त्याचं वाईट वाटलं.

या उंचीवर काम करायचं तर तुझा तो जुना दोष परवडणारा नव्हता. मग तुझ्या धडाच्या वर, पंखांच्या मधोमध, एक जेट इंजिन चढवण्यात आलं. आधी अमेरिकन वेस्टिंगहाउसचं आणि नंतर बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बनणारं ऑर्फियस. हे ऑर्फियस म्हणजे नॅटचं इंजिन. मारुत हे लढाऊ विमानही याच घराण्याच्या इंजिनांवर उडालं. हवाई दलातल्या सर्वांत चपळ विमानांपैकी एकाचं इंजिन तुझ्यासारख्या जडशीळ विमानाने पाठुंगळी घेतलं! उड्डाणाच्या वेळी, चढण चढताना आणि पिस्टन इंजिनाने दगा दिला तर ते कामी यायचं. एरवी ते इंधन पीत बसायचं नाही. जगात तुझ्या इतर भावंडांनाही असे जेट जोडले गेले, पण आपल्या देशात बनणारं इंजिन परक्या विमानाच्या पाठीवर बसवून त्याला हिमालयाजोगं करणं, ही आपल्या तंत्रज्ञांची करामत मला एखाद्या नव्या विमानाच्या जन्माइतकीच मोठी वाटते.

१९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या चीन युद्धाबद्दल फार लांबण लावत नाही. नेफामध्ये, म्हणजे आजच्या अरुणाचलात, ब्रिगेडियर जे. पी. दळवींची सातवी ब्रिगेड नामका चू नदीकाठी बसवली गेली आणि तिची रसद आकाशातून त्सांगधरच्या चिंचोळ्या डीझेडवर टाकायची ठरली. तिथे टाकलेलं पुष्कळसं सामान दऱ्याखोऱ्यांत गेलं. हा दोष विमानाचा नव्हता आणि वैमानिकांचाही नव्हता. जिथे रसद पोहोचू शकत नाही तिथे माणसं बसवणाऱ्यांचा होता. दळवींनी चिन्यांच्या कैदेतून सुटून आल्यावर लिहिलेल्या 'हिमालयन ब्लंडर' या पुस्तकात या पुरवठ्याची दैना वाचताना आजही राग येतो. लडाखमध्ये मात्र चुशूलला एएमएक्स-१३ रणगाडे पोहोचले ते अँटोनोव्ह-१२ च्या पोटातून. ते श्रेय त्या विमानाचं आहे. पुढे युद्धानंतर अमेरिकेकडून तुझी आणखी विमानं आली.

मराठी माणसाला तुझ्याशी जोडणारा दिवस म्हणजे ११ डिसेंबर १९७१. पूर्व पाकिस्तानात जमालपूर आणि मैमनसिंगहून डाक्क्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवायची होती. त्यासाठी टांगाइलजवळ लोहाजंग नदीवरचा पूंगली पूल ताब्यात घ्यायचा होता. काम सोपवलं होतं लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या दुसऱ्या पॅरा बटालियनकडे. ही मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा ती २ पॅरा झाली, नावापुढे कंसात 'मराठा' राखूनच. सुमारे सातशे जवान आणि त्यांची तोफा-सामग्री घेऊन पन्नासच्या आसपास विमानं निघाली. त्यांत डाकोटा होती, अँटोनोव्ह-१२ होती, दोन कॅरिबू होती आणि वीसेक तू होतंस.

तुझ्यातून उडी घेणं म्हणजे काय, ते जरा डोळ्यांपुढे आणतो. बेचाळीस जवान दोन रांगांत, पाठीवर पॅराशूट, पुढे राखीव पॅराशूट, मांडीला हत्यार आणि पिशवी. उठण्याचा हुकूम. प्रत्येक जण आपल्या स्टॅटिक लाइनची कडी वरच्या तारेत अडकवतो, पुढच्याची लाइन तपासतो, मागच्याने आपली तपासली याची खूण घेतो. मागच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक दार, त्यामुळे डाव्या-उजव्या दोन्ही रांगा एकाच वेळी बाहेर पडतात आणि जमिनीवर जवान फार विखुरले जात नाहीत. लाल दिवा. मग हिरवा. काही सेकंदांत पोट रिकामं. डिसेंबरातला लवकर कलणारा दिवस, खाली अनोळखी शेतं, तळी आणि मदतीला धावून येणारे गावकरी. त्याच संध्याकाळी पूल हाती आला. रात्री पाकिस्तानी तुकड्यांनी तो परत घ्यायचे प्रयत्न केले, ते फसले.

त्या उडीचं छायाचित्र म्हणून वर्तमानपत्रांकडे गेलं ते आग्र्याला पूर्वी झालेल्या सरावाचं होतं, असं तेव्हाचे प्रसिद्धी अधिकारी राममोहन राव यांनी पुढे सांगितलं आहे. आकाशभर छत्र्या पाहून अख्खी ब्रिगेड उतरल्याची आवई उठली आणि डाक्क्यातल्या पाकिस्तानी सेनापतींचा धीर आणखी खचला. १६ डिसेंबरला डाक्क्यात सर्वांत आधी शिरलेल्या भारतीय तुकडीत हीच २ पॅरा होती. आपल्याकडे त्या दिवसाचा शरणागतीचा फोटो घरोघरी माहीत आहे. तिथे पोहोचायची वाट पाच दिवस आधी तुझ्या आणि तुझ्या सोबत्यांच्या दारांतून सुरू झाली होती, हे त्या फोटोत दिसत नाही.

त्यानंतर तुझी उतरण. सुटे भाग मिळेनात, इंजिनं म्हातारी झाली. १९८४ पासून एएन-३२ येऊ लागलं आणि ऐंशीच्या दशकातच तू आपल्या हवाई दलातून निघालंस. तैवानने तुला १९९७ पर्यंत वापरलं. अमेरिकेत तुझ्या काही विमानांनी जंगलातल्या वणव्यांवर आग रोखणारं द्रावण टाकण्याचं काम केलं. ते मला तुझ्या स्वभावाला साजेसं वाटतं. व्हिएतनाममध्ये तुझ्या अंगावर तोफा लावून तुला 'शॅडो' आणि 'स्टिंगर' बनवलं होतं, ते मुळीच साजेसं नव्हतं.

तुझ्याच चंडीगड-लेह वाटेवरचं एक अँटोनोव्ह-१२, बीएल-५३४, ७ फेब्रुवारी १९६८ रोजी रोहतांगच्या परिसरात १०२ जणांसह नाहीसं झालं. त्यांतल्या जवानांचे देह हिमनदी अजूनही एकेक करून परत देते आहे; २०२४ मध्ये आणखी चार मिळाले. म्हणून मालवाहू विमानांचा इतिहास हा माझ्यासाठी हौशी लोकांचा विषय नाही. त्यात अजून कुणाचे तरी वडील परतायचे आहेत.

हे पत्र अनावृत आहे, तेव्हा तुझ्या निमित्ताने इतरांशीही थोडं बोलून घेतो. पालमला तुझ्या पत्र्यावर दिल्लीची धूळ आणि पाऊस किती वर्षं बसू द्यायचा? तुला एक छप्पर हवं, आणि तुझ्याशेजारी दौलत बेग ओल्डी आणि टांगाइल यांची गोष्ट ठसठशीत अक्षरांत हवी. त्याहून घाईचं काम माणसांचं आहे. तुझी इंजिनं उघडणारे फिटर, पॅराशूटं बांधणारे, माल ढकलणारे, नकाशा मांडीवर घेऊन दऱ्या मोजणारे नॅव्हिगेटर आता ऐंशीच्या घरात किंवा पुढे आहेत. पुण्यात, नाशकात, साताऱ्याकडच्या गावांत त्यांची घरं आहेत. माळ्यावरच्या ट्रंकेत लॉगबुकं आहेत, ती रद्दीत जाऊ देऊ नका. घरात असे आजोबा असतील तर त्यांच्यासमोर फोन ठेवून रेकॉर्डिंग सुरू करा आणि विचारा : लेहच्या थंडीत पहाटे इंजिन सुरू कसं करायचात? पाठीवरचं जेट कधी लावायचं, कधी बंद करायचं? उघड्या दारापाशी कमरेला काय बांधायचात? आणि डीझेडवरून परत फिरताना खालची माणसं हात हलवायची, ती वरून दिसायची का?

तुझा,
एक मराठी वाचक